दारवंट्यांचा नियम

मी बनवलेले कुठलेच लोक शेवटपर्यंत माणसांपासून वेगळे राहिले नाहीत, आणि याचा मला अजूनही राग येतो.

हे नीट कळायचं तर आधी आमचा खेळ सांगायला हवा. नांदेडच्या आमच्या घरात, वरच्या खोलीत, रविवारी दुपारी आम्ही चौघं खेळतो. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जग आहे, ते आम्हीच रचलेलं. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, आणि गोष्ट अडली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. जग चालवते मी. नदीला पूर मी आणते, दरोडेखोरांचे आवाज मी काढते, वाटेत भेटणारा प्रत्येक वाटसरू मीच. हा खेळ धाकट्या भावानं इंजिनिअरिंगच्या होस्टेलवरून आणला, त्यामुळे नियम त्याचे आणि जग माझं अशी वाटणी झाली. तिसरी माझी मैत्रीण. तिचं मेडिकल आहे, रविवारी दुपारी ते बंद असतं. चौथी मामेबहीण. ती लातूरला एका लॅबमध्ये रक्त तपासते आणि व्हिडिओ कॉलवरून खेळते. तिचा फोन आम्ही पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करतो.

बाकी आठवडाभर मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. पार्किंग, जिना, लिफ्टची जागा, पुन्हा पार्किंग. त्यामुळे रविवारी मला अशा कुणासाठी तरी घर काढायचं असतं ज्याला पार्किंग लागत नाही. जगात नद्या आणि डोंगर मांडून झाले तेव्हा मी जाहीर केलं की इथे राहणारे लोक माणसं नसतील. लांब कानवालेही नकोत आणि कुऱ्हाडवाले बुटकेही नकोत. ते सगळे दुसऱ्यांनी वापरून झिजवलेत. आपले आपण करू.

पहिलं अडलं ते यांना म्हणायचं काय इथे. भावानं रद्दीतल्या नकाशाच्या पाठीवर मथळा टाकला, ‘जाती’. मैत्रिणीनं त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि म्हणाली, “हे इथं बी आणायचं का आता?” मग ‘वंश’ लिहिलं, तर इतिहासाचा पेपर असल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी नुसतं ‘लोक’ ठरलं. खडके लोक, कातकरणी लोक, असं.

खडके माझे. काळ्या दगडाचे, आयुष्यभरात बोटभर वाढणारे, उन्हाळ्यात अंग तापलं तरच बोलणारे. मला ते फार आवडायचे. माणसाचं काहीसुद्धा नाही त्यांच्यात, असं मी अभिमानानं सांगितलं. भावानं विचारलं, “एवढ्या हळू बोलतेत, तर मग भांडण झालं तर?” मी म्हटलं, पणजोबांनी पहिला शब्द काढला असेल तर उत्तर पणतू देतो. झालं. पुढच्या रविवारी खडक्यांची दोन घराणी तयार होती आणि एक लग्न अडलं होतं.

भावाचे लोक मधमाश्यांच्या पोळ्यासारखे, शरीरं पुष्कळ आणि मन एकच. कल्पना चांगली होती. पण थोड्याच दिवसांत त्या एका मनानं दोन चुली मांडल्या. कातकरणी मैत्रिणीच्या. गोदावरीच्या ओल्या वाळूत राहणाऱ्या, वर्षाला कात टाकणाऱ्या. टाकलेली कात ट्रंकेत घडी घालून ठेवायची आणि लेकीच्या लग्नात नेसायची, हे तिनं इतक्या सहज सांगितलं की मी डोक्याला हात लावला. मामेबहिणीचे लोक अंगाबरोबर सावली वागवतात आणि उन्हात दुसऱ्याला उसनी देतात. मला वाटलं, चला, हे तरी निराळे निघाले. तर ती म्हणाली, सावली परत करताना रिकाम्या हातानं करायची नसते, सोबत काहीतरी घालून द्यावं लागतं.

खेळात नवे लोक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला. गाव कोणचं? दुसराही ठरलेला. पाव्हणे कोण, म्हणजे सोयरीक कुठे? समोर तीन डोळ्यांचा, हवेत तरंगणारा प्राणी उभा केला तरी माझा भाऊ त्याला पाव्हणे विचारणार, आणि त्या प्राण्याचे दूरचे का होईना संबंध निघणारच. मी कितीदा तरी चिडून फासा खिडकीत ठेवून दिला. मैत्रीण म्हणायची, “तू आम्हाला नांदेडमधून उचलून आणलंस, मग आम्ही काय समुद्रातलं बोलावं?” तिचं खरं होतं, पण खरं ऐकायला मी रविवारी बसत नाही.

आई वर येते ती वाऱ्याला. वरच्या खोलीला दोन्हीकडून खिडक्या आहेत. वडील रविवारी शेतावर जातात, खाली एकटीला करमत नाही, म्हणून ती सूप आणि निवडायची डाळ घेऊन दारापाशी बसते. आमच्याकडे तिचं लक्ष नसतं असं ती दाखवते. मधूनच, “मेला का त्यो राजा?” असं विचारते, म्हणजे गेल्या आठवड्यातलं सगळं तिला पाठ असतं.

तर एका रविवारी आमची मंडळी एका मोठ्या माळापाशी येऊन थांबली होती आणि माळापलीकडे कोण राहतं ते ठरायचं होतं. मी पूर्ण तयारीनं बसले होते. धुक्याचे लोक. चेहरा नाही, आवाज नाही, घर नाही, नातं नाही. कुठून पाव्हणे काढता तेच बघते, असा माझा बेत होता. मी वर्णन करत होते आणि सुपातली डाळ वाजायची थांबली.

“त्यांच्या लेकी माहेराला जातेत का?” आईनं विचारलं.

मी म्हटलं, “आई, त्यांना घरच नाही.”

“मंग कशाचे लोक ते. वारं म्हण की सरळ.” ती पुन्हा डाळ पाखडायला लागली, आणि सुपाकडेच बघत म्हणाली, “मी सांगू का एक?”

मी पेन उचललं. आईनं खेळात तोंड घालायची ही पहिलीच वेळ. ती जे बोलली ते मी नकाशाच्या पाठीवर जसंच्या तसं उतरवलं. हे लोक एका घरात जन्मतात आणि दुसऱ्या घरात राहायला जातात. जन्मल्या घराला निळं दार असतं. पण एकदा बाहेर पडलं की ते दार आपल्याला आपलं आपण दिसत नाही. त्या घरचं माणूस न्यायला आलं, त्यानं सोबत चालवत नेलं, तर दिसतं. आपल्या पायानं गेलं, तर दिवसभर त्याच गावातून फिरलं तरी तिथे नुसतं रान दिसतं. घर असतंय तिथंच, आई म्हणाली, चूल बी पेटलेली असती, वास बी येतो. दार तेवढं दिसत न्हाई.

मैत्रीण म्हणाली, “बापरे. यांचं नाव काय?” आईनं खांदे उडवले. भावानंच नाव दिलं, दारवंटे. आमच्याकडे उंबऱ्यासकट दाराच्या चौकटीला दारवंटा म्हणतात. तांब्याला टेकलेल्या फोनमध्ये मामेबहीण कॅमेऱ्यापासून बाजूला सरकली.

ती बाजूला का सरकली ते मला आणि भावाला माहीत होतं. आईचं माहेर जळकोटकडचं. नागपंचमीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात आणि त्यांना न्यायला माहेराहून कुणीतरी येतं, बहुतेक भाऊ. त्याला म्हणायचं मूळ आलं. आईला दर पंचमीला मूळ यायचं. मामा पांढरी टोपी घालून यायचा, चहा घ्यायचा, आणि त्याच बसनं तिला घेऊन जायचा. मग मामाच्या मुलाचं लग्न झालं. त्यांच्या घरात नवरदेवाला हळदीचं पहिलं बोट आत्याचं असतं. आमची जीप वाटेत पंक्चर झाली, आम्ही पोचेपर्यंत वेळ टळत होती म्हणून मामीच्या बहिणीनं हळद लावून टाकली होती. आई मांडवात उभी राहिली, सगळ्यांना भेटली, अक्षता टाकल्या आणि न जेवता परत आली. पुढच्या पंचमीला मूळ आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मामा म्हणतो, बहीण माझ्या दारातून उपाशी गेली. आई म्हणते, माझ्यासाठी थांबले नाहीत. दोघांचंही बरोबर आहे, म्हणून तर ते मिटत नाही. मामेबहीण दोन्हीकडे बोलते. आईशी फोनवर तासभर गप्पा मारते, फक्त बापाचा विषय आला की दोघी भाजीचा भाव बोलायला लागतात. आणि आम्ही आईला म्हणायचो, अगं बस आहे, बायकांना अर्धं तिकीट आहे, ऊठ आणि जा. आई म्हणायची, “मूळ आल्याबिगर कसं जावं?” मला हे ऐकून संताप यायचा. चांगली शिकलेली, एकटी तिरुपतीला जाऊन आलेली बाई, आणि जळकोटला जायला हिला मूळ लागतं. आता तिनं ते दार दिसत नाही म्हटल्यावर मला पहिल्यांदा समजलं की ती हट्ट करत नव्हती. एकटी गेली असती तर तिला खरंच रान दिसलं असतं.

पुढच्या रविवारी मी आईलाच खेळायला बसवलं. ती आढेवेढे घेत बसली आणि बसल्यावर तिला उठवणं कठीण झालं. माळावर आमच्या मंडळींना दारवंट्यांची एक म्हातारी भेटते, ती आई. म्हातारीला जन्मघरी जायचं होतं. भावाचं पात्र म्हणालं, मी खांद्यावर उचलून नेतो. आई म्हणाली, ने, रान दिसंल. मैत्रिणीच्या पात्रानं सोंग आणलं, मीच तुझ्या घरची, चल. तिनं फासा टाकला आणि नेमके वीस पडले. ती टाळी वाजवून म्हणाली, वीस पडल्यावर काहीही जमतं, नियम आहे. आईनं फाश्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“फासा वीस म्हणतोय म्हणून तू त्या घरची झालीस व्हय?”

नियम भावाचा असूनही त्यानं फासा मागे घेतला. मग मंडळींनी ठरवलं, म्हातारीच्या भावाला शोधून आणायचं. त्याला शोधलं. आता त्याच्या तोंडून बोलायचं काम माझं. जग चालवते मी ना, मग सगळे आवाज माझेच. मी घसा साफ केला आणि शक्य तितक्या जड आवाजात म्हटलं, “ती आपल्या पायानं गेली, तिनं आपल्या पायानं यावं.”

“त्यो असं म्हणणार न्हाई,” आई म्हणाली.

“मग काय म्हणेल?”

“काहीच म्हणणार न्हाई. मान खाली घालून बसंल.”

मान खाली घालून बसणाऱ्या माणसाचा आवाज कसा काढतात? मी आजचा खेळ इथेच थांबवू म्हटलं. आई सूप घेऊन खाली गेली. तिच्यासाठी मला फार वाईट वाटलं, आणि मामासाठीही वाटलं. कारण मान खाली घातलेला मामा मला डोळ्यासमोर दिसला, आणि तो दिसल्यावर त्याच्यावर रागावता येईना.

त्याच्या पुढच्या रविवारी मामेबहीण फोन लागल्या लागल्या म्हणाली की ती तिचं सावलीवालं पात्र सोडतेय. नवीन घ्यायचंय. “मी दारवंट्यांची पोरगी. त्या म्हातारीच्या भावाची लेक. निळ्या दारातच जन्मलेली. आत्या, मी मूळ म्हणून आले तर दार दिसंल का?”

आई म्हणाली, “पोरगी मूळ म्हणून येत नसती. पोरीला मूळ येत असतंय.”

“तुम्ही तर म्हणलात, त्या घरचं माणूस. मी न्हाई का त्या घरची?”

“हाईस की.”

“मंग?”

मैत्रिणीनं हळूच फासा आईच्या पुढ्यात सरकवला. आईनं तो उचलला, पदरानं पुसला आणि बाजूला ठेवला. तिच्या आयुष्यात हा नियम कुणी तिला विचारून केला नव्हता. हे लोक मात्र तिचे होते, नियमही तिचाच होता, आणि ती काय म्हणते ते आम्हाला मानावंच लागणार होतं.

“दिसंल,” ती म्हणाली. “पण आधी त्या पोरीनं यावं तर लागंल.”

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघत होते आणि फाटकात मामेबहीण उभी. लातूरहून उदगीरमार्गे सरळ गावाला गेली असती तर अडीच-तीन तासांत जेवायला बसली असती. तिनं उलटा नांदेडचा फेरा घातला होता. डोक्याला तिनं बापासारखी टोपी घातली नव्हती एवढंच, बाकी उभी राहायची ढब तीच. आई कणीक मळत होती. “कामून आलीस गं? सुट्टी हाय का?”

“मूळ घेऊन आले, आत्या. चहा देता का तसंच निघू?”

आईनं हात धुतले. हळूहळू, एकेक बोट चोळून. मग ती आतल्या खोलीत गेली आणि मला वाटलं की आता दार लावून बसणार. मी समजूत घालायला आत गेले, तर ती चांगली साडी नेसत होती आणि पलंगाखालून पिशवी बाहेर काढलेली होती. मी म्हटलं, आण, भरते. तिनं हात लावू दिला नाही. पिशवी भरलेलीच होती. दोन साड्या, मामीसाठी खण, आणि मामाला आवडतात ते शेंगदाण्याचे लाडू. लाडू ताजे होते. साड्यांना मात्र घडीचा वास येत होता, आणि ती पिशवी तिथे कधीपासून आहे हे मी विचारलं नाही. मी ऑफिसात फोन करून तब्येत बिघडल्याचं सांगितलं आणि त्यांच्याबरोबर निघाले.

जळकोटच्या बसमध्ये आई खूप बोलली. बाहेरचं सोयाबीन, कोणाचं शेत कुठलं, दारवंट्यांना शेपूट असावी की नसावी. जळकोटला उतरून काळीपिवळी जीपमध्ये बसायच्या वेळी एकदम थांबली. “तुझ्या बापाला सांगितलंस का?”

“न्हाई,” मामेबहीण म्हणाली.

“मंग कशाचं मूळ गं हे?” आईनं पिशवी खाली ठेवली. गाडीवाला ओरडत होता. मामेबहिणीनं पिशवी उचलली आणि आत जाऊन बसली. “मी त्याला विचारून त्याच्या घरात जन्मले न्हाई, आत्या. बसा.” आईला हसू आलं आणि ती बसली.

मामाचं घर रस्त्याला लागूनच आहे, पुढे कडुनिंब. मामा पंचमीचा झोका बांधत होता, दोरीचं एक टोक फांदीवर, एक हातात. त्यानं आधी आपल्या लेकीला बघितलं, मग मला, मग आईला. आणि मान खाली घातली, अगदी आई म्हणाली होती तशी. मामी भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली, आईवरून ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि स्वतःच रडायला लागली. आई उंबऱ्याच्या अलीकडे उभी होती. ती दाराकडे बघत होती.

“दार हिरवं केलं व्हय रे?”

“दोन सालं झाली, अक्का,” मामा म्हणाला. दोरीला त्यानं उगीचच आणखी एक गाठ मारली. मग म्हणाला, “आधी जेवून घे.”

त्या दिवशी आई इतकी जेवली की मामी घाबरली. मामा समोर बसून तिच्या ताटातली भाकरी संपायच्या आत दुसरी टाकत होता. मला तिथेच मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण मामेबहीण माझ्याकडे बघून हसत होती, म्हणून मीही हसले.

परत आल्यावरच्या रविवारी आई सूप न घेताच वर आली आणि नकाशाचा तो कागद मागून घेतला.

“दुरुस्ती हाय,” ती म्हणाली. “दार हिरवं लिही. अन् त्या घरी गेलेल्याला जेवल्याबिगर माघारी फिरू देत न्हाईत, हे बी लिही.”

भाऊ म्हणाला, जेवल्याबिगर न सोडणारे तर आपलेच लोक झाले, यात माणसांपेक्षा वेगळं काय राहिलं? मी त्याला गप्प बस म्हटलं आणि दोन्ही लिहून घेतलं.